नावेची बाजू

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला दोनच समुद्र माहीत असतात. एक मार्च महिन्यातला कागदांचा आणि दुसरा एल.टी.सी.वर पाहिलेला. तिसऱ्या, म्हणजे खऱ्या समुद्रावर मला आमच्या मॅनेजरसाहेबांनी ढकललं. हर्णैच्या एका तांडेलाचे बोटीवरच्या कर्जाचे तीन हप्ते थकले होते. फील्ड ऑफिसर रजेवर. "तारण बघून या. इंजिन चालू आहे की बंद, तेवढं लिहा. बंद असेल तर पुढची कारवाई करू." पुढची कारवाई म्हणजे काय, हे तांडेलाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर त्याने मला बोटीत हाताला धरून, सासऱ्याने जावयाला न्यावं तसं नेलं.

"सायेब, हप्ते या सेल्फनं खाल्ले," तो म्हणाला. सेल्फ म्हणजे स्टार्टर. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. हवा दाबून तापवायची आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटवायचं. त्यासाठी इंजिन पहिल्यांदा जोरात फिरवावं लागतं, आणि ते काम या सेल्फचं. चारदोन सेकंदांत तो शेकडो अँपियर वीज पितो. पावसाळ्यात, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बोट किनाऱ्यावर दमटपणात पडून राहिली. तेव्हापासून सेल्फ लहरी झाला. तांडेलाने दोन बॅटऱ्या बदलल्या, सेल्फचं वाइंडिंग करून आणलं. तरी मनात आलं तर उचलायचा, नाहीतर नाही. अशी माणसं आमच्या ब्रँचमध्येही आहेत, पण त्यांचा खर्च कर्जदाराच्या खात्यात पडत नाही.

इंजिन मात्र त्या दिवशी शहाण्यासारखं सुरू झालं. सुवर्णदुर्गाला वळसा घातला. मी खूश होऊन रिपोर्ट काढला आणि म्हणालो, "आता बंद करून पुन्हा सुरू करून दाखवा."

माझ्या आयुष्यातल्या मूर्ख वाक्यांची यादी केली तर हे लग्नाच्या होकारानंतर लगेच येईल. (हा लेख घरी वाचला जात नाही.)

तांडेलाने चावी फिरवली. टक्! बस्स. पुन्हा फिरवली. टक्! वारा किल्ल्याच्या दिशेने, आणि किल्ल्याच्या पायाशी खडक. तांडेलाने हातोडी घेऊन सेल्फच्या पाठीत दोन घातल्या. एरवी एवढ्यावर भागायचं म्हणे. आज नाही. त्याने नांगर टाकला. तो घसरत घसरत एकदाचा धरला, तेव्हा खडकावरचे खेकडे मला एकेक करून मोजता येत होते. मोजण्याची सवय आहे, म्हणून मोजले.

तांडेलाचा पुतण्या आय.टी.आय.ला होता. त्याच्याकडे मीटर होतं. त्याने बॅटरीला लावलं : 12.6. "बॅटरी भरलेली आहे. उतरली असती तर टकटकटक झालं असतं, दिवे मंद झाले असते."

म्हणजे खात्यात शिल्लक आहे आणि चेक वटत नाही! हा प्रकार मला कळण्यासारखा होता. मी विचारलं, "मग ही लाल वायर सेल्फकडे जाते. काळी कुठे जाते?"

"ती अर्थाची वायर, सायेब. तिचं काय नसतं."

अर्थ म्हटल्यावर बी.कॉम. माणसाचे कान उभे राहतात. "असं कसं? जेवढं एका बाजूने जातं तेवढं दुसऱ्या बाजूने परत यायला नको? जमेची बाजू तपासलीत, नावेची कोण तपासणार?"

पुतण्या माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने मीटरची एक टोचणी बॅटरीच्या उणे टोकाला, दुसरी इंजिनाच्या अंगाला लावली आणि काकाला चावी फिरवायला सांगितली. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको. दिसले सात! बारातले सात व्होल्ट वाटेतच कुणीतरी गिळत होतं. इतकी गळती तर सरकारी योजनेतही नजरेला येते.

बॅटरीचं कनेक्शन आधी सोडवून त्याने काळ्या वायरचा शोध घेतला. ती सेल्फच्याच बोल्टाखाली आवळलेली होती. बोल्ट काढला तर आत पुदिन्याची चटणी! खाऱ्या हवेने तांब्याला आलेला हिरवा गंज. हातोडीने काम भागत होतं ते सेल्फला लागल्यामुळे नव्हे, तर ही वायर हादरल्यामुळे. दोन बॅटऱ्या, एक वाइंडिंग, तीन हप्ते, आणि दोष या चटणीचा.

पॉलिश पेपरने दोन्ही बाजू लखलखीत घासल्या, बोल्ट आवळला, वरून ग्रीस फासलं. चावी फिरवताना तांडेलाने डोळे मिटले होते. मीही मिटले. इंजिन असं धडाडून उठलं की मी बर्फाच्या खोक्यावर बसलो.

तांडेल बराच वेळ काही बोलला नाही. मग हिशेब केल्यासारखा म्हणाला, "दोन हप्ते दिवाळीच्या आधी देतो. तिसऱ्याला थोडं थांबा."

मी रिपोर्टात लिहिलं : 'इंजिन चालू स्थितीत. दोष जमेच्या बाजूस नसून नावेच्या बाजूस होता. तो दूर केला आहे. मुदत द्यावी.'

चार दिवसांनी कागद परत आला. मुदत मंजूर होती. खाली साहेबांच्या लाल शाईत शेरा होता : 'नावेच्या की नावेतील? खुलासा करावा.'