ऊन कोणाच्या वाटणीचे?

घरातल्या वस्तूंत विजेच्या मीटरइतकी उपेक्षित वस्तू दुसरी नसेल. घड्याळाकडे आपण दिवसातून पन्नास वेळा पाहतो, आरशाकडे त्याहूनही अधिक वेळा. पण जिन्याखाली, मोडक्या छत्रीच्या संगतीत टांगलेल्या मीटरकडे महिन्यातून एकदा एक परका माणूस येऊन पाहून जातो, तेवढेच. ओटो ब्लाथी नावाच्या हंगेरियन गृहस्थाने १८८९ साली हे यंत्र नावारूपाला आणले. त्यातली ती गरगर फिरणारी ॲल्युमिनियमची चकती आमच्या पिढीला चांगली आठवते. त्या चकतीची एक खोड मात्र पुष्कळांना ठाऊक नसेल. वीज घरात यायच्या ऐवजी घरातून बाहेर जाऊ लागली, तर साध्या मीटरची चकती चक्क उलटी फिरे आणि आकडे कमी होत! घरातून वीज बाहेर पाठवण्याचा प्रसंगच कोणावर येत नव्हता, म्हणून त्या खोडीचे कोणाला काही वाटले नाही. पुढे अमेरिकेत घरांच्या छपरांवर सोलर पॅनेल बसू लागली, तेव्हा हिशेबाची ही सोपी रीत लोकांच्या आयतीच हाती आली. तिचेच आजचे नाव नेट मीटरिंग.

आमच्या महाराष्ट्रात त्याचे नियम २०१५ साली झाले. २०१९ मध्ये नव्या नियमांचा मसुदा निघाला आणि छपरावरच्या विजेला कमी भाव द्यावा अशी कल्पना त्यात आली, तेव्हा बराच गलबला झाला. अखेर युनिटाला युनिट हा जुना व्यवहार कायम राहिला. मग २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारची सूर्यघर योजना आली. तीन किलोवॉटच्या पॅनेलना अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान! मध्यमवर्गीय माणसाला अनुदान या शब्दाने जो हुरूप येतो, तो सूर्याच्या तेजाने येत नाही. त्या वर्षीच्या दिवाळीआधी आमच्या पुण्याच्या घराच्या गच्चीवर, जिथे आमची आई कुरडया वाळत घालीत असे तिथे, दक्षिणेकडे तोंड करून निळी पॅनेल उभी राहिली.

आता बिलाची गोष्ट सांगतो, कारण खरी गंमत तिथे आहे. समजा, एका महिन्यात पॅनेलनी साडेतीनशे युनिटे वीज केली. त्यातली नव्वद दिवसा घरातच वापरली गेली आणि उरलेली दोनशे साठ बाहेर गेली. रात्री आम्ही कंपनीकडून एकशे सत्तर घेतली. नवा मीटर गेलेली आणि आलेली युनिटे वेगवेगळी मोजतो, आणि बिलात त्यांची वजाबाकी होते. आमची नव्वद युनिटे जमेस राहिली. बिलात भरायचे ते जवळजवळ स्थिर आकारापुरते. मी ते बिल हिला दाखवले. हिने चष्मा लावून दोनदा वाचले आणि देवापुढे ठेवले. तसा मान आमच्या घरात यापूर्वी फक्त मुलाच्या मॅट्रिकच्या निकालाला मिळाला होता.

तळमजल्यावर आमच्या वहिनी राहतात. माझे थोरले बंधू गेले, मुलगा कॅलिफोर्नियात, त्यामुळे त्या एकट्याच. घराची वाटणी १९९४ साली झाली, तेव्हा खालचा मजला आणि अंगण दादाला मिळाले, वरचा मजला आणि गच्ची मला. मीटर दोन, बिले दोन. देवापुढचे बिल वहिनींच्या दृष्टीस पडले तेव्हा त्या म्हणाल्या, “भावोजी, वाटणीच्या कागदात गच्ची होती हे खरं. ऊन कुठं होतं?”

हसण्यावारी नेण्यासारखेच ते बोलणे होते, आणि हसलोही आम्ही. पण वहिनी चाळीस वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. दुसऱ्या दिवशी त्या आपले बिल घेऊन वर आल्या. एकशे तीस युनिटे. आपल्याकडे घरगुती दराच्या पायऱ्या आहेत. शंभरापर्यंत एक दर, शंभरानंतर तीनशेपर्यंत दुसरा, तो पुष्कळच चढा. वहिनींची वरची तीस युनिटे त्या चढ्या पायरीवर. आणि ती तीस म्हणजे, त्यांच्याच हिशेबाने, आंघोळीच्या पाण्याचा गीझर.

“तुमची वीज दुपारी बाहेर जाते ती जाते कुठं?” त्यांनी विचारले.

विजेला जवळची वाट आवडते. गच्चीवरून उतरलेली वीज रस्त्यावरच्या तारेत पोचली की सगळ्यांत आधी जो फ्रिज किंवा पंखा चालू असेल त्याला भेटते. म्हणजे बहुधा वहिनींच्याच फ्रिजला. त्या युनिटाचे पूर्ण पैसे वहिनी कंपनीला भरतात आणि कंपनी ते युनिट माझ्या नावे जमा करते. हे मी त्यांना समजावून सांगितले खरे, पण सांगता सांगता माझाच आवाज खाली आला.

कंपनीची बाजूही अगदीच लंगडी नाही. मी दुपारी युनिट देतो आणि रात्री आठला परत मागतो. आमच्या वाड्यात पूर्वी वाटीभर साखर उसनी देत-घेत तसा हा व्यवहार दिसतो. पण दुपारी साखर सगळ्यांच्याच घरी उतू जात असते आणि रात्री सगळेच वाटी घेऊन दारात उभे राहतात, हे त्यात धरलेले नाही. रात्रीची ती वाटी भरायला कुठेतरी वीज केंद्र पेटलेले ठेवावे लागते, खांब आणि तारा राखाव्या लागतात, वादळात वर चढणारा वायरमन लागतो. हा खर्च बराचसा युनिटाच्या दरातूनच वसूल होतो. ज्याची युनिटे शून्य झाली त्याचा वाटा मग कोणाच्या बिलात जाऊन बसणार? ज्यांना गच्ची नाही त्यांच्या. माझ्या बाबतीत ते शोधायला पुण्यात हिंडण्याची गरज नव्हती. एक जिना उतरला की पुरे.

वहिनींच्या मुलाने, म्हणजे माझ्या पुतण्याने, फोनवर सांगितले, “काका, आमच्याकडं हे भांडण होऊन गेलं.” कॅलिफोर्नियात १५ एप्रिल २०२३ नंतर ज्यांनी पॅनेलसाठी अर्ज केले, त्यांना बाहेर पाठवलेल्या विजेचा मोबदला पूर्वीच्या सुमारे पाव झाला. पुतण्या त्यांतलाच. त्यामुळे तो दुपारी वीज बाहेर जाऊच देत नाही. धुण्याचे यंत्र दुपारी, मोटारीचे चार्जिंग दुपारी, आणि पाणीही दुपारीच तापवून ठेवायचे. इथेही वारे त्याच दिशेचे दिसतात. १ जुलै २०२५ पासून महाराष्ट्रात वेळेप्रमाणे मोजणारे नवे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या विजेवर सवलत मिळू लागली. दुपारचे युनिट आणि रात्रीचे युनिट ही सख्खी भावंडे नाहीत, हे दरपत्रकाने मान्य केले म्हणायचे. ही मात्र पॅनेल लागल्यापासूनच धुणे भर दुपारी लावते. युनिटाला युनिट आहे तोवर बिलात त्याने एक पैचाही फरक पडत नाही, हे मी तिला तीनदा सांगितले. “असू दे. उसनं मागावं लागतं तेवढं कमी,” असे तिचे उत्तर.

आमच्या जमेच्या युनिटांचाही एक प्रश्न होता. ती महिन्यामागून महिना पुढे सरकतात, पण आर्थिक वर्ष संपले की खाते मिटते. उरलेल्या युनिटांचे कंपनी पैसे देते, पण ते आपण ज्या दराने विकत घेतो त्याहून पुष्कळ कमी. ती युनिटे वहिनींच्या मीटरवर वळवावीत म्हटले, तर आमच्या जोडणीत तशी सोय नाही. अनेक ग्राहकांनी मिळून एका पॅनेलची वीज वाटून घ्यायची पद्धत दिल्लीत २०१९ पासून नियमात आहे. खाली एखादी वायर सोडावी, तर माझ्या जोडणीतून दुसऱ्या ग्राहकाला वीज देणे नियमात बसत नाही.

तोड काढली ती वहिनींनीच. “वीज खाली पाठवता येत नाही ना? मग पाणी पाठवा. पाण्याला मीटर तुमचा-माझा एकच आहे!”

मुलाकडे गेल्या असताना त्यांनी हीट पंप पाहिला होता. हा म्हणजे उलटा घातलेला फ्रिज समजा. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या बाजूने बाहेर टाकतो. हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. दोनशे लिटर पाणी पंचवीस अंशांवरून पन्नासावर न्यायचे तर गीझरला जवळजवळ सहा युनिटे लागतात. हीट पंपाचे काम दोनात होते, कारण उष्णता त्याला तयार करायची नसते, नुसती वाहून आणायची असते. पुण्यात सोलर बंब घरोघर आहेत हे मला ठाऊक आहे, पण आमच्या गच्चीवर त्याला जागा उरली नव्हती, आणि आषाढात त्याचे पाणी कोमट असते. हीट पंपाला ऊन लागत नाही, हवा लागते. महिन्याची साठ युनिटे, म्हणजे आमच्या जमेतूनच भागणारी.

यंत्राची किंमत ऐकून हिने आवंढा गिळला. तेव्हा वहिनींनी निम्मे पैसे काढून दिले. माझे काही चालू दिले नाही. गेल्या मार्गशीर्षात टाकी बसली आणि गच्चीवरून एक जाडसर गुंडाळलेला नळ भिंतीवरून खाली उतरला. दुपारी बाराला यंत्र घुमू लागते, तीनच्या सुमारास गप्प होते. पहिल्याच पूर्ण महिन्यात वहिनींचे बिल अठ्ठ्याण्णव युनिटांचे आले. ते त्यांनी देवापुढे वगैरे ठेवले नाही. माझ्या हातात देऊन हिशेबाची वही उघडली.

त्यांचे म्हणणे असे की, महिन्याच्या साठ युनिटांतली वीस आपली, त्यांचे पैसे आपण देणार. प्रश्न दराचा. मी म्हणतो, घरातल्या घरात दर कसला? ही म्हणते, घ्यायचेच तर वर्षअखेरीला कंपनी आम्हाला देते त्या दराने घ्या. वहिनींना ते मान्य नाही. गीझर असता तर चढ्या पायरीचा दर भरलाच असता, तेव्हा त्याच्या निम्मा तरी, असा त्यांचा आग्रह. दर महिन्याच्या पाच तारखेला त्या वही घेऊन वर येतात, चहा होतो, आणि दरनिश्चिती पुढच्या महिन्यावर जाते. परवा त्या येताना डबाभर बेसनाचे लाडू घेऊन आल्या. ते कोणत्या खात्यावर धरायचे हे मी अजून विचारलेले नाही.