कारखान्याच्या दारावरील भाषा

सीमाभागात भाषेचा विषय निघाला की आपली चर्चा शाळा, बसवरील पाटी, जमिनीचा उतारा आणि महापालिकेची नोटीस या चार ठिकाणी हमखास पोहोचते. कारखान्याच्या दाराशी मात्र ती क्वचितच थांबते. माझेही लक्ष तिकडे गेले ते माझ्या भाचीमुळे. औद्योगिक सुरक्षिततेच्या अभ्यासक्रमात एक वर्ष प्रत्यक्ष कारखान्यात काढावे लागते; ते तिने बेळगावच्या उद्यमबागेतील एका ओतकामाच्या कारखान्यात, म्हणजे तिकडच्या बोलीत फाउंड्रीत, काढले. दर रविवारी ती घरी येई आणि आठवडाभरात टिपलेले शब्द माझ्यापुढे ठेवी. वकिलाच्या घरी शब्दांचा तोटा नसतो. परंतु तिने आणलेले शब्द माझ्या कोशांत नव्हते, किंवा असले तरी भलत्याच अर्थाने होते.

पहिली अडचण तिच्या खात्याच्या नावापासूनच सुरू झाली. ‘मी सुरक्षा विभागात आहे’ असे तिने सांगताच नातलगांनी समजूत करून घेतली, की मुलगी दारावर पहारा करते. यात त्यांचा दोष नाही. चोरापासून रक्षण आणि अपघातापासून रक्षण या दोन गोष्टींना इंग्रजीत निराळे शब्द आहेत. मराठीत आपण दोन्हींना ‘सुरक्षा’ म्हणतो आणि ‘सुरक्षितता’ हा वेगळा शब्द हाताशी असून वापरत नाही. ‘व्यावसायिक आरोग्य’ या शब्दाचेही तसेच. कामामुळे जडणारे आजार असा त्याचा अभिप्रेत अर्थ. पण ‘व्यावसायिक’ म्हणजे धंदेवाईक, असे ऐकणारा धरून चालतो आणि पुढचे वाक्य त्याच्या कानावरून निघून जाते.

घरात अशा घोटाळ्यावर हसता येते. भट्टीजवळ हसता येत नाही. वितळलेले बिडाचे लोखंड तेराशे-चौदाशे अंशांवर ओतले जाते. ते वाहून नेणारे लेडल दमट राहिले, साच्यात ओल राहिली, किंवा पावसात भिजलेले भंगार भट्टीत गेले, तर त्या पाण्याची तत्क्षणी वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे सतराशे पट जागा लागते, आणि ती जागा मिळवताना वाफ रसाला उडवून लावते. भट्टीपाशी लावलेल्या फलकावर यासंबंधीची सूचना शुद्ध इंग्रजीत होती. तिच्याखाली जे मराठी भाषांतर होते त्यात ‘आर्द्रतायुक्त धातुखंडांचे प्रभरण निषिद्ध’ असे छापलेले होते. भाचीने एका जुन्या भट्टीवाल्याला ते वाचायला सांगितले. त्यांनी अक्षर न् अक्षर वाचले आणि म्हणाले, ‘बरोबर हाय की, ताई. पण म्हंजे काय?’ तिने सांगितले, ‘ओलं भंगार भट्टीत टाकू नका.’ ते म्हणाले, ‘मग तसं लिवायचं.’

इंग्रजी हटवून मराठी लावावे, एवढ्यावर आपले समाधान होऊ नये, असे मला या प्रसंगावरून वाटते. त्या फलकावर मराठी होतीच. ती लिहिणाऱ्याने कामगाराला उद्देशून लिहिली नव्हती. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेसाठी लिहिली होती. दुसऱ्या एका भित्तिपत्रकाची कथा तर अधिकच बोलकी आहे. यंत्र दुरुस्त करताना वीज तोडून तिच्या खटक्याला कुलूप घालावे आणि ‘माणूस आत आहे’ अशी चिठ्ठी अडकवावी, या पद्धतीला इंग्रजीत ‘लॉकआउट’ म्हणतात. भाषांतरकाराने कोश उघडला आणि ‘दुरुस्तीपूर्वी टाळेबंदी करा’ असे लिहून टाकले. टाळेबंदी म्हणजे मालकाने कारखाना बंद ठेवणे, हे उद्यमबागेत पोराटोरांनाही ठाऊक आहे. भाचीने ती ओळ खोडून ‘आधी कुलूप, मग चिठ्ठी, मग हात’ असे लिहिले.

धोक्याच्या पाटीवर तर आपल्या तीन-चार भाषांचा संसार एकत्र नांदतो. मराठीत आपण ‘धोका’ लिहितो. हिंदी बोलणाऱ्याला त्यात ‘धोखा’, म्हणजे फसवणूक, ऐकू येते, कारण तो ‘खतरा’ शोधत असतो. कन्नडमध्ये त्याच जागी ‘अपाय’ असते. हा शब्द मराठीतही आहे. आपण तो इजा किंवा नुकसान या अर्थाने वापरतो, आणि विजेच्या खांबावरील ती कन्नड अक्षरे कोणी वाचून दाखवली तर बेळगावचा मराठी माणूस चटकन सावध होतो. उलट इंग्रजीतील ‘इनफ्लेमेबल’ हा शब्द आरंभीच्या ‘इन’मुळे ‘न पेटणारे’ असा भास निर्माण करतो, म्हणून सुरक्षिततेच्या क्षेत्रात तो टाळून ‘फ्लेमेबल’ वापरण्याची प्रथा पडली. जगभर वापरल्या जाणाऱ्या भाषेनेही कामगाराच्या जिवासाठी आपला एक जुना शब्द बाजूला ठेवला. मग आपण ‘ज्वालाग्राही’ला चिकटून का राहावे? ‘लगेच पेट घेते’ हे मराठीच आहे, आणि चांगली मराठी आहे.

आता कायद्याकडे वळतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाचे कलम १०८ सांगत असे, की कारखान्यात लावावयाच्या सूचना इंग्रजीत आणि त्या कारखान्यातील बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, आणि मुख्य प्रवेशद्वाराजवळ ठळक जागी लावाव्यात. या वाक्यातील एक गोष्ट सीमावासीयांनी नीट पाहावी. येथे राज्याच्या राजभाषेचा उल्लेख नव्हता. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षक तरतुदींत आपण तालुक्याची किंवा शहराची लोकसंख्या मोजतो आणि पंधरा टक्क्यांवर वाद घालतो. या कलमात मोजमापाचे एकक एकेक कारखाना होते. दाराच्या आत जे काम करतात त्यांची भाषा कोणती, एवढाच प्रश्न. नामफलकावर साठ टक्के कन्नड असावे असे कर्नाटकाने २०२४ च्या दुरुस्तीने ठरवले. तो दारावरील नावाचा विषय आहे. दाराशी लावलेल्या सूचनेचा विषय निराळा, आणि त्याची कसोटीही निराळी.

भोपाळनंतर या कायद्यात १९८७ साली मोठी दुरुस्ती झाली. १९८४ च्या डिसेंबरातील त्या रात्रीनंतर वृत्तपत्रांनी जे उघडकीस आणले त्यात हेही होते, की कारखान्यातील कामाच्या व सुरक्षिततेच्या सूचना इंग्रजीत होत्या आणि अनेक कामगारांना केवळ हिंदी येत होती. दुर्घटनेची कारणे पुष्कळ होती. त्यांत भाषेची ही भिंतही होती. दुरुस्तीने माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख पुरवणे हे मालकाचे कर्तव्य ठरवले, आणि आपल्या आरोग्याविषयी व सुरक्षिततेविषयी माहिती मागण्याचा हक्क कामगाराला दिला. संसदेने २०२० साली तेरा कायदे एकत्र करून नवी संहिता संमत केली. तीत सुरक्षितता अधिकाऱ्याची अट सर्वसाधारण कारखान्यांसाठी हजार कामगारांवरून पाचशेवर आली. तरीही तीनशे माणसांच्या फाउंड्रीत असा अधिकारी नेमणे बहुधा बंधनकारक ठरत नाही. तेथे एखादी शिकाऊ मुलगी वही घेऊन फिरते, हेच पुष्कळ मानावे लागते.

त्या मुलीच्या वहीपेक्षा कारखान्याच्या दुसऱ्या एका वहीने मला अधिक अस्वस्थ केले. प्रशिक्षणाच्या नोंदवहीत प्रत्येक पानावर इंग्रजीत एक वाक्य छापलेले असते: ‘मला सर्व नियम समजावून देण्यात आले असून ते मला समजले आहेत.’ त्याखाली सह्या, काही अंगठे. भरपाईच्या दाव्यात ही वही न्यायालयापुढे येते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या भरपाई कायद्याच्या कलम ३ मध्ये असा अपवाद होता, की सुरक्षिततेसाठी स्पष्टपणे दिलेला आदेश किंवा केलेला नियम कामगाराने हेतुपुरस्सर मोडला आणि त्यातून इजा झाली, तर मालकावर भरपाईचे दायित्व येत नसे. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर हा बचाव चालत नसे. म्हणजे दोन बोटे गमावलेल्या माणसाच्या वाट्याला हा अपवाद नेमका येई. ज्याला नियमाची भाषाच कळली नाही त्याने तो हेतुपुरस्सर मोडला असे म्हणता येईल का? माझ्या मते येत नाही. पण ‘मला समजले’ या वाक्याखाली त्याची सही असते, आणि ते वाक्यही त्याला वाचता येत नव्हते, हे सिद्ध करण्याचा भार उलटतपासणीत आमच्यावर येऊन पडतो.

भाचीने सही घेण्याची रीत बदलली. नियम सांगून झाला की ती म्हणे, ‘आता तुम्ही मला सांगा बघू.’ कामगार आपल्या शब्दांत सांगे, ती ते शब्द लिही, आणि त्यांच्याखाली सही घेई. सिलिकोसिस समजावताना तिला एकाने दिलेले वाक्य असे: ‘दिसती ती धूळ नाकात अडती, दिसत न्हाई ती छातीत बसती.’ कोणत्याही पाठ्यपुस्तकाने त्या असाध्य आजाराचे मर्म याहून थोडक्यात सांगितलेले मी वाचलेले नाही.

वर्षाच्या शेवटी तिने एक प्रश्न विचारला. ‘मामा, फेटलिंगला बारा पोरं ओडिशाची आहेत. बहुमत मराठीचं, मग त्यांचं काय?’ कलमाचे अक्षर पाहिले तर त्यांच्यासाठी फलक लावणे सक्तीचे नव्हते. परंतु १९८७ च्या दुरुस्तीतील कर्तव्य सर्व कामगारांप्रति होते, आणि न समजणाऱ्या भाषेत दिलेली माहिती ही माहिती नव्हे. तिने त्या मुलांपैकीच एकाकडून ओडियात सहा ओळी लिहून घेतल्या आणि मराठी व कन्नड ओळींशेजारी लावल्या. कोणाचीही हरकत आली नाही.

इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी वाचकांना बहुतेक कारखान्यांत बहुमताचा आधार मिळणार नाही. त्यांना याच सर्वांप्रति असलेल्या कर्तव्याचा आधार घ्यावा लागेल. इचलकरंजीत किंवा चाकणला काम करणारा बिहारचा मुलगाही त्याच आधारावर आपल्याकडे पाहणार आहे. बेळगावात जे आपण मागतो ते तेथे द्यायला आपण तयार असलो, तरच आपल्या मागणीला वजन येईल. तोवर प्रत्येकाने एवढे करावे: आपल्या घरचे कोणी कारखान्यात जात असेल, तर संध्याकाळी त्याला विचारावे, दाराशी काय लिहिले आहे आणि त्याचा अर्थ काय. अर्थ सांगता आला नाही, तर तो फलक बदलून मागण्याचा त्याला हक्क आहे.