हॉलमधला कॉम्प्युटर

परवा ताईचा फोन आला. भाच्याची दहावी झाली, आता त्याला गेमिंग पीसी घ्यायचा की प्लेस्टेशन? "पीसीच बरा ना, अभ्यासालाही होईल," हे उत्तर तिच्याकडे तयारच होतं. माझा फक्त शिक्का हवा होता. तो मी दिला नाही. का, ते इथे लिहितोय. (ताई, वाचते आहेस ना?)

२०१६ साली मी सुटे भाग आणून एक छोटा गेमिंग पीसी जोडला आणि हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवला. डोक्यात खूळ शिरलं होतं ते 'स्टीम मशीन'चं. दिसायला कन्सोल आणि आतून पीसी अशी ही यंत्रं नोव्हेंबर २०१५ मध्ये व्हॉल्व्हच्या पुढाकाराने बाजारात आली होती. माझा हेतू साधा होता. लेक दार लावून एकटा खेळायचा, तो आता चारचौघांत खेळेल. बाबाही शेजारी बसतील.

बाबा बसले. एका रविवारी चक्क "आण इकडे" म्हणून त्यांनी कंट्रोलर हातात घेतला. क्रिकेटचा गेम लावला आणि पडद्यावर आलं, अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली.. मग कंट्रोलर ओळखला जाईना, म्हणून मी कीबोर्ड शोधत फिरलो. "राहू दे रे, पुन्हा कधीतरी," म्हणून बाबा पेपर घेऊन बसले. ते पुन्हा कधीतरी काही आलं नाही.

महिन्याभरात पीसी लेकाच्या खोलीत गेला. दार पुन्हा बंद!

ती स्टीम मशीनही चालली नाहीत. एलियनवेअरचं सगळ्यात स्वस्त मशीन ४४९ डॉलरचं, आणि तेव्हा अमेरिकेत प्लेस्टेशन ४ मिळत होता साधारण ३५० ला. कन्सोलवाले खोका अगदी कमी नफ्यात, प्रसंगी तोट्यातही विकतात आणि पैसे गेममधून काढतात. खोका बनवणाऱ्या पीसी कंपनीला ही सोय कुठली? त्यात स्टीम मशीन लिनक्सवर चालायचं, त्यामुळे विंडोजसाठी लिहिलेले कितीतरी गेम त्यावर नव्हतेच. २०१८ मध्ये व्हॉल्व्हने प्रोटॉन आणलं, तेव्हा ती अडचण बरीच कमी झाली. २०२२ मध्ये हातात धरायचा स्टीम डेक आला आणि तो लोकांना आवडलाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर कंपनीने नवं स्टीम मशीन जाहीर केलं. म्हणजे हौस काही फिटलेली नाही.

मग अशा पीसीला बाजार आहे का? आहे, पण माझ्यासारख्या स्क्रू-ड्रायव्हरवाल्यांचा. पीसी स्वस्त सेलमधले गेम देतो, ग्राफिक्स कार्ड बदलू देतो, ताई म्हणते तसा अभ्यासालाही होतो. पण हॉल एकट्याचा नसतो. तिथली वस्तू आजीला, पाहुण्यांना, लहान पोरांना, कुणालाही एका बटणात चालू करता यायला हवी. हे कन्सोलवाल्यांना फार आधी कळलं. मला कळलं, पण उशिरा.

असो. ताई, कुठलं यंत्र घ्यायचं ते नंतर बघू. ते कुठे ठेवायचं आणि त्याच्यासमोर कोणकोण बसणार, ते आधी ठरव. आणि अण्णांनाही विचार.. बघ, हो म्हणतील.