सब्र कोणी करायचा?

आम्ही चौघी सोलापुरातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. चौघींचंही बी.एड. झालं आहे. फळा कसा वापरावा, प्रश्न कसा विचारावा, याचे सराव पाठ आम्ही घेतले. ऐकावं कसं, याचा एकही पाठ त्यात नव्हता.

२०१४ साल. नोकरी नवीन होती. आमच्याच शाळेतून दहावी होऊन गेलेली एक एकोणीस वर्षांची मुलगी शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये आली. नात्यातल्याच माणसानं तिच्यावर बलात्कार केला होता. एवढं सांगायला तिला अर्धा तास लागला. आम्ही पाच मिनिटांत उत्तर दिलं. "सब्र कर. अल्लाह सब देख रहा है. किसीकू नको बोल, बहनों के रिश्ते आने हैं." चहा पाजला आणि तिला घरी पाठवलं. चांगली समजूत घातली, असंच आम्हांला वाटलं.

त्यानंतर ती भेटली २०१९मध्ये. विडी कामगारांच्या वस्तीत एका खोलीत दर रविवारी जोहरनंतर शिलाईचा वर्ग भरतो, असं कानावर आलं होतं. शिलाई तिथे खरोखरच चालते. पण त्या खोलीत बसणाऱ्या आठ-नऊ जणींवर असाच प्रसंग गुदरलेला आहे, आणि तो वर्ग त्यांच्यातल्याच तिघींनी सुरू केला आहे, हे नंतर कळलं. त्या तिघींतली एक ती होती.

आम्ही मदतीच्या उत्साहात गेलो. हातात हजेरीचं रजिस्टर, डोक्यात व्याख्यानांची यादी. तिनं आमच्यासाठी खुर्च्या मागवल्या नाहीत. सतरंजीवर जागा करून दिली आणि शांतपणे म्हणाली, "सबर तो मैं करी, आपा. तुमे क्या करे?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं.

तिथले नियम त्यांनी स्वतः केलेले आहेत. आपणहून सांगेपर्यंत कोणी कोणाला विचारायचं नाही. 'ओरडली का नाहीस', 'तिथे गेलीसच कशाला', हे प्रश्न उंबऱ्याबाहेर. खोलीतली गोष्ट खोलीत. पोलिसांत जायचं की नाही, हे जिचं तिनं ठरवायचं. ती निघाली तर दोघी सोबत जातात. नाही निघाली, तरी तिची जागा तशीच राहते. एक गोष्ट मात्र नव्या बाईला आधीच सांगितली जाते. अत्याचार झालेलं मूल अठरा वर्षांच्या आतलं असेल, तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे आपल्या मर्जीचा प्रश्न उरत नाही. आम्हां शिक्षकांचाही नाही.

रजिस्टर आम्ही परत नेलं. मग हळूहळू त्यांनीच आमचं काम आम्हांला नेमून दिलं : कागद वाचून दाखवायचे. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते आणि एफ.आय.आर.ची प्रत फुकट मिळते. सरकारी असो की खाजगी, दवाखान्यानं मोफत उपचार करायचे असतात. महाराष्ट्राच्या मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मिळू शकतं. 'दोन बोटांची' तपासणी करणं गैरवर्तन ठरेल, असं सुप्रीम कोर्टानं २०२२मध्ये बजावलं आहे. हे सगळं आम्ही वाचतो, त्या प्रश्न विचारतात. शिक्षक आम्ही, पण वर्ग त्यांचा.

एकदा मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गानं टोमणा मारला, "चार गवाह आहेत का?" सूरह नूरमधली चार साक्षीदारांची अट पाकदामन बाईवर तोहमत लावणाऱ्यासाठी आहे. बाईच्या अब्रूच्या हिफाजतीसाठी आलेला हुकूम आपण तिचंच तोंड बंद करायला वापरतो, ही केवढी उलटी गोष्ट! त्यांना हे समजावून सांगायला गेलो ते आम्हीच. मोहल्ल्याशी वाद घालणं हे आमचं काम, त्या बायकांचं नाही.

ऑगस्ट २०२२मध्ये बिल्किस बानो प्रकरणातले अकरा गुन्हेगार शिक्षेतून सूट मिळवून सुटले. त्यांना हार घातले गेले. त्या रविवारी खोलीत कोणी मशीन चालवली नाही. २००२चा तो गुन्हा. खटला गुजरातबाहेर मुंबईला आला आणि २००८मध्ये इथल्या कोर्टानं शिक्षा दिली. इतकं सगळं करूनही असं होतं, तर आपण कशाला तोंड उघडायचं, असं एकीनं विचारलं. बिल्किस पुन्हा सुप्रीम कोर्टात गेल्या. ८ जानेवारी २०२४ला कोर्टानं ती सूट रद्द केली, गुन्हेगारांना परत तुरुंगात जावं लागलं. तो प्रश्न विचारणारी बाई नंतर पोलीस ठाण्यात गेली. दोघी तिच्यासोबत होत्या. तिची केस अजून चालू आहे.

सब्र हा मोठा गुण आहे, यात शंका नाही. पण जुलूम सोसलेल्या बाईला सब्र शिकवणं म्हणजे जुलूम करणाऱ्याला सवलत देणं. आपल्या घरातली, शाळेतली एखादी मुलगी उद्या असं काही सांगायला आली, तर उत्तराची घाई करू नका. खाली बसा. तिला काय हवं आहे, ते तिलाच विचारा.

हा लेख छापायला देण्याआधी आम्ही तिला वाचून दाखवला. तिनं दोन वाक्यं काढायला लावली. ती इथे नाहीत.