एका इंजिनाची पुनःस्थापना

'पुनःस्थापना' हा शब्द देवळांच्या संदर्भात आपल्या कानांस चांगला परिचयाचा आहे. मोटारीच्या इंजिनासाठी तो योजलेला पाहून कित्येकांस हसू येईल. तरीही गेल्या भाद्रपदात हैदराबादेतील दिलसुखनगरच्या आमच्या घरी जे कार्य झाले, त्यास दुसरे नाव आम्हांस सुचत नाही. आमच्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन चार महिने तिच्याबाहेर होते; ते आम्ही घरच्या अंगणातच तिच्यात परत बसविले.

अमेरिकेत या उद्योगाचे अनेकांना मोठे वेड आहे. १९६४ च्या पाँटियाक जी.टी.ओ.पासून ज्यांना 'मसल कार' म्हणण्याचा प्रघात पडला, त्या दांडग्या गाड्यांची इंजिने तेथील हौशी गृहस्थ सुटीच्या दिवशी स्वतःच्या गॅरेजमध्ये उतरवितात आणि चढवितात. त्या जी.टी.ओ.चे इंजिन आठ सिलिंडरांचे, सुमारे ६.४ लिटरचे. आमच्या पद्मिनीचे चार सिलिंडरांचे, १,०८९ घन सेंटिमीटरचे. म्हणजे जेमतेम सहाव्या हिश्शाएवढे. बळाच्या बाबतीत बरोबरी सांगण्यासारखी नाही. पण गाडी घरच्या माणसासारखी होऊन बसली की बळाचा हिशेब कोण मांडतो?

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी ही गाडी होऊन गेली असेल. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळविल्या जात. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी संबंध जुळला. फियाट ११०० चे जे रूप भारतात रुजले, तेच १९७४ पासून 'पद्मिनी' या नावाने ओळखले जाऊ लागले. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतूनही तिने निरोप घेतला.

आमची गाडी १९७४ सालचीच. आमच्या वडिलांनी (घरात सारे त्यांना अण्णा म्हणतात) ती १९८१ मध्ये दुसऱ्या हाताने घेतली. नोकरीनिमित्त गोव्यापासून इतक्या दूर येऊन राहिलेल्या आमच्या कुटुंबाला ती गाडी म्हणजे कुलदेवतेकडे जाणारी वाटच होती. रायचूर, हुबळी, धारवाड करीत, अनमोडचा घाट उतरून फोंडा आणि तेथून मंगेशी, असा तो दोन दिवसांचा प्रवास. वाटेत रेडिएटर तापला की अण्णा गाडी सावलीस उभी करीत, आई डबा उघडी, आणि पाणी निवेपर्यंत आम्हां भावंडांची जेवणे होत. आज अण्णा सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. आई नाही. गाडी चालविणे त्यांनी कधीच सोडले. परंतु एकदा तरी त्याच गाडीतून मंगेशीस जावे, ही त्यांची इच्छा मात्र सुटलेली नाही.

अशा वेळी इंजिनाने निळा धूर ओकण्यास प्रारंभ केला. तेल जळू लागले, चढावर दम सुटू लागला. सिलिंडर झिजले होते. आमचे धाकटे बंधू व्यवहारी, ते म्हणाले, "दादा, एखाद्या नव्या गाडीचं इंजिन घालून टाक. याचे सुटे भाग शोधत कुठं फिरणार?" सल्ला वावगा नव्हता. तथापि १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार इंजिन बदलण्यास नोंदणी कार्यालयाची संमती लागते, कारण गाडीच्या नोंदणीत इंजिनाचा क्रमांकही असतो. शिवाय २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षे उलटलेली आणि सांगाडा, बांधा व इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. आमच्या गाडीची पन्नाशी उलटली होती. जुनेच इंजिन राखले तर हा मान तिला मिळणे शक्य होते.

आम्ही हर्षभराने हे अण्णांना सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, "मग तिच्यातून मंगेशीस जाता येईल?" नियम पुन्हा वाचला. अशी गाडी प्रदर्शनास, व्हिंटेज गाड्यांच्या रॅलीस, इंधन भरण्यास किंवा दुरुस्तीस नेता येते. नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. "तर तो मान आपल्याला नको," अण्णा म्हणाले. दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावयाची, हाच साधा मार्ग ठरला. इंजिन मात्र जुनेच राहिले. ते मानासाठी नव्हे, तर त्यानेच आम्हांस इतकी वर्षे वाहून नेले म्हणून.

सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसविण्याचे काम लेथवाल्याकडे झाले. सुट्या भागांसाठी राणीगंजच्या दुकानांतून आमच्या अनेक खेपा झाल्या. आता प्रश्न होता तो इंजिन बसविण्याचा. आमच्या गल्लीत एका बाजूस शिकवणीवर्ग, दुसऱ्या बाजूस विद्यार्थ्यांची वसतिगृहे, पलीकडे हमरस्त्यावर मेट्रोचा पूल. मोठी यंत्रसामग्री आत आणण्यास वाव नाही. तेव्हा तीन लोखंडी नळ्यांची तिवई उभी करून तीस चेन-पुली टांगली. मार्गदर्शनास एक वृद्ध उस्ताद आले. त्यांनी आयुष्यभर फियाट गाड्याच दुरुस्त केल्या होत्या.

इंजिन उचलणे हे बळाचे काम वाटते. प्रत्यक्षात ते धीराचे आहे. गियरबॉक्स गाडीतच होता. त्याचा दातेरी दांडा क्लच-प्लेटच्या मध्यातून अचूक जावा लागतो. म्हणून प्लेट आवळण्यापूर्वीच एक जुना दांडा तिच्यात घालून उस्तादांनी तिचा मध्य साधून घेतला. गियरबॉक्सखाली जॅक दिला. इंजिन साखळीने उचलून, मागील बाजू किंचित खाली झुकवून, बोनेटच्या मोकळ्या जागेतून हळूहळू आत सोडले. चार बोटांचे अंतर उरले आणि ते अडले. शिकवणीचा एक मुलगा म्हणाला, "बोल्ट लावून ओढून घेऊ या." उस्तादांनी त्याचा हात धरला. "जल्दी नक्को, बेटा." बोल्टांच्या बळावर ओढले तर क्लच-प्लेटचा मध्य वाकतो, किंवा घराचा कान तुटतो, जे हाताने बसत नाही, ते बळाने बसवू नये, असे त्यांनी समजाविले.

तेव्हा अण्णांना चालकाच्या जागी बसविले. त्यांनी स्टिअरिंगजवळचा दांडा ओढून गाडी गियरमध्ये घातली. डोळ्यांनी अंधुक दिसते, पण तो दांडा कोणत्या जागी आहे हे त्यांच्या तळहातास ठाऊक होते. गाडीची चाके अडवून ठेवली होती. उस्तादांनी पुढच्या पुलीच्या नटास पाना लावून इंजिन तसूभर फिरविले. आतून अण्णा म्हणाले, "सवकास, सवकास." आणि दातांत दात मिळून इंजिन आपोआप पुढे सरकून जागेवर बसले. हैदराबादेचा 'नक्को' हा आपल्या 'नको'चाच भाऊ. त्याची आणि कोंकणी 'सवकास'ची भेट त्या दिवशी आमच्या अंगणात झाली.

पुढील काम बारीक होते. आमच्या चिरंजीवांनी इंजिन उतरविताना प्रत्येक नळीस व तारेस चिठ्ठी बांधून वहीत टिपण ठेवले होते; त्याचा मोठा उपयोग झाला. माउंटिंगचे रबर, एक्झॉस्ट, कार्बुरेटर, पाण्याच्या नळ्या, आणि पुष्कळदा विसरली जाणारी इंजिनापासून बॉडीपर्यंतची अर्थिंगची पट्टी, सारे क्रमाने जोडले. प्रथम प्लग काढून ठेवून स्टार्टरने इंजिन फिरविले. तेलाचा दाब येऊन लाल दिवा मालवल्यावरच प्लग बसविले. एक, तीन, चार, दोन या क्रमाने तारा लावल्या. मग किल्ली फिरविली. दोनदा खोकून इंजिन सुरू झाले. अण्णांनी बोनेटवर हात ठेवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

असो. जुनी वस्तू टिकविण्याचे दोन मार्ग आहेत. एक तिला काचेमागे ठेवण्याचा, दुसरा तिला कामास लावण्याचा. पहिल्यात तिचे रूप टिकते. दुसऱ्यात ती झिजते खरी. परंतु तिच्यासमवेत ती दुरुस्त करण्याची विद्याही जिवंत राहते. उस्तादांची मुले आता निराळ्या व्यवसायांत आहेत. पण 'बोल्टाने ओढू नये' ही त्यांची शिकवण त्या दिवशी शिकवणीवर्गाच्या चार मुलांच्या आणि आमच्या चिरंजीवांच्या कानी पडली. काचेमागच्या गाडीने ती कोणास दिली असती?

खंडेनवमीस घरातील पाने-हत्यारांना गंधफूल वाहिले. नव्या पिस्टनांना पहिले हजार किलोमीटर बेताने चालवावे लागते. त्यापैकी सहाशे सागर रोडवर झाले आहेत. माघी पौर्णिमेस मंगेशीस जत्रा असते. अण्णांनी पिशवी आतापासून भरून ठेवली आहे.