पडद्यावरचा अंधार

सुट्टीत घरी गेले होते. एका रात्री बाबांबरोबर ‘ओशन्स इलेव्हन’ हा २००१ सालचा इंग्रजी चित्रपट पाहत बसले. चोरमंडळी गाडीतून एक यंत्र आणतात, ते चालू करतात आणि सारे लास व्हेगास शहर काळोखात बुडते. थोड्याच वेळात दिवे परत येतात. मी टाळ्या वाजवल्या. आयुष्यभर लाइनमन म्हणून खांबावर चढलेले बाबा मात्र म्हणाले, “एवढ्या लवकर? अगं, लाइनवर कोणी माणूस आहे का, हे विचारले तरी का कोणी?”

मी हसले, पण तेव्हापासून असली दृश्ये पूर्वीसारखी पाहवत नाहीत. ‘डाय हार्ड’मध्ये (१९८८) वीज तोडताच तिजोरीचे शेवटचे कुलूप आपोआप उघडते! खऱ्या तिजोरीचे पोलादी अडसर वीज गेली म्हणून जागचे हलत नाहीत. नाहीतर आमच्या गावच्या बँकेत एव्हाना काय उरले असते?

पडद्यावर अंधाराला नेहमी एखादा कारस्थानी लागतो. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी आपल्या देशात ग्रिड कोसळले, तेव्हा असा कोणीच नव्हता. बीना–ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाइन भार वाढल्यामुळे रिलेने तोडली. तिचा भार इतर लाइनींवर गेला आणि त्याही एकामागून एक सुटल्या. दुसऱ्या दिवशी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्येकडील ग्रिडही गेले. सुमारे ६० कोटी लोकांना त्याची झळ लागली. क्षणांत गेलेली वीज परत यायला कित्येक तास लागले. औष्णिक केंद्राला स्वतःचे पंप आणि पंखे सुरू करायलाही आधी वीज लागते. ती जलविद्युत केंद्रांसारख्या ठिकाणांहून थोडी थोडी आणावी लागते.

चित्रपट संपल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी प्रथमच सांगितले. त्यांचा एक सोबती खांबावर काम करीत होता. ‘वीज कधी येणार?’ म्हणून लोकांचे फोनवर फोन येत होते. परमिट परत आले की नाही, हे न पाहता कोणीतरी घाईने स्विच लावला. सोबती पुन्हा घरी गेला नाही.

हॉस्टेलमध्ये वीज गेली की एकच आरडाओरडा होतो. पूर्वी माझा आवाज त्यात सर्वांत मोठा असे. हल्ली मी मेणबत्ती लावते आणि स्वस्थ बसते. कुठेतरी कोणी खांबावर असेल. आधी तो खाली उतरू दे.