वालधुनीचा शेला

मागील पौषांत आम्ही ठाण्याहून डोंबिवलीस अक्काकडे गेलों होतों. आमची भाची भरतनाट्य शिकते. तिच्या वर्गांतील मुलींनीं आपल्याच मुलखांतील नद्या व तळीं यांवर नृत्यें बसविलीं होतीं. नृत्यांतून गंगा-यमुना आम्हीं पुष्कळ पाहिल्या. पण उल्हास, वालधुनी किंवा आमचा मासुंदा तलाव यांना कोणी रंगभूमीवर आणील, हें आमच्या मनांतहि आलें नव्हतें.

समारंभास चार दिवस अवकाश होता. दुपारीं भाची निळा शेला घेऊन आमच्यापुढें उभी राहिली.

"मामा, मी वालधुनी होणार आहें. ताई म्हणाल्या, नदीला निळा शेला. पण विठ्ठलवाडीजवळ गाडींतून दिसते ती नदी निळी कुठें आहे?"

"अगं, नाचांतली नदी निळीच असायची," आम्ही म्हणालों.

स्वयंपाकघरांतून अक्का म्हणाली, "पोरीला फसवूं नकोस. नेऊन दाखव."

दुसरे दिवशीं तिला घेऊन आम्ही अंबरनाथास गेलों. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेलें तेथील शिवालय वालधुनीच्या कांठींच आहे. ज्या कारागिरांनीं पाषाणांत एवढें लावण्य ओतलें, त्यांनीं ही जागा पाण्याकडे पाहूनच निवडली असावी. डोंगरांतून निघालेला हा प्रवाह अंबरनाथ व उल्हासनगर येथील कारखान्यांचें आणि गटारांचें पाणी पोटांत घेत घेत कल्याणजवळ उल्हास नदीस मिळतो. पुलावर भाचीनें नाकास रुमाल लावला. पण नजर मात्र काढिली नाहीं. परततांना ती एक शब्दहि बोलली नाहीं. घरीं येतांच तिनें ताईंचें घर गांठलें.

समारंभाचे दिवशीं प्रथम मासुंदा आला. ज्याच्या कांठीं कौपिनेश्वराचें देऊळ आणि १९७८ सालीं उघडलेलें गडकरी रंगायतन आहे, त्या तळ्याचें संथ पाणी मुलींनीं जवळजवळ निश्चल राहून दाखविलें. मग उल्हास द्रुत लयींत राजमाचीच्या बाजूनें उतरली आणि दुर्गाडी किल्ल्याखालीं खाडींत मंदावली. 'अभिनयदर्पणां'त पताक हस्तानें नदीहि दाखवावी व तरंगहि, असें सांगितलें आहे. चार बोटें जुळवून सरळ धरलेला तो साधा हात केवढें पाणी वाहून नेतो, हें त्या दिवशीं कळलें!

शेवटीं वालधुनी. भाची पांढऱ्या शेल्यांत आली. देवळाला वळसा घातला. मग दोहों बाजूंनीं मैत्रिणी येत गेल्या आणि एकेक काळें वस्त्र तिच्या खांद्यावर टाकीत गेल्या. पावलें जड झालीं, घुंगरूं थांबलें. टाळ्या वाजावयास क्षणभर वेळ लागला. आमच्या शेजारचे वृद्ध गृहस्थ हलकेच म्हणाले, "आम्ही हिच्यांत पोहलों आहों."

वाचकहो, ज्या उल्हासेचें पाणी कल्याण-डोंबिवलीच्या घराघरांत नळानें येतें, तिलाच ही वालधुनी मिळते. तेव्हां हा केवळ नाचाचा प्रश्न नव्हे.

घरीं येतांना आम्हीं विचारिलें, "शेवटीं तीं काळीं वस्त्रें टाकून कां दिलीं नाहींस? नृत्य गोड झालें असतें."

ती म्हणाली, "मामा, नदीनें कुठें टाकलीं आहेत अजून?"